नकाशा सर्वांचा, जबाबदारी कोणाची?

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात नकाशा-स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. साठ-सत्तर विद्यार्थी, प्रत्येकासमोर संगणक आणि पडद्यावर आमच्याच जिल्ह्यातील एका भागाचे उपग्रहचित्र. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक घराभोवती रेघ ओढायची आणि ते घर ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशावर चढवायचे. चार तासांत जो सर्वांत जास्त घरे चढवील त्याला पहिले बक्षीस. दुपारी निकाल लागला, टाळ्या झाल्या, छायाचित्रे काढली गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पुढच्या रविवारी त्यांतील दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी तो भाग पाहायला गेलो. फुलंब्रीच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून थोडे आत असलेली ती एक वस्ती. हातात मोबाइल, त्यावर आमचा ताजा नकाशा. पहिले ‘घर’ निघाले गुरांचा गोठा. दुसरी कांदाचाळ. तिसऱ्या जागी काहीच नव्हते. चित्र घेतले त्या दिवशी तिथे कडब्याची गंजी असावी. निळे प्लॅस्टिक अंथरलेले एक शेततळे कोणीतरी ‘जलतरण तलाव’ म्हणून नोंदवले होते. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा मात्र नकाशात नुसते घर होती. वस्तीचे नाव कुठेच नव्हते आणि उन्हाळ्यात सारी वस्ती ज्या हातपंपावर पाणी भरते, तोही नव्हता. बरोबरचा विद्यार्थी ओशाळून म्हणाला, “सर, वरून ते घरच दिसत होतं.”

त्याचे काही चुकले नव्हते. वरून ते खरोखरच घर दिसत होते. चूक होती ती काम आखणाऱ्यांची आणि ती संख्या पाहून बक्षीस देणाऱ्या परीक्षकाची. अशा स्पर्धा आता शाळांपर्यंतही पोचू लागल्या आहेत. शिक्षकांना त्यांत स्वयंसेवक जमवायला सांगितले जाते. म्हणून हा उपक्रम काय आहे, त्यात खरे बळ कशाचे आहे आणि तो कुठे फसतो, हे थोडे बारकाईने पाहू या.

कल्पना कशी रुजली?

ओपनस्ट्रीटमॅपचा आरंभ २००४ साली इंग्लंडमध्ये झाला. स्टीव्ह कोस्ट हा तरुण तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकत होता. ब्रिटनचे सरकारी नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था करते. ते लोकांच्या पैशातून होत आणि लोकांनाच विकत घ्यावे लागत. मग लोकांनीच आपला नकाशा करावा, जो तो आपापल्या गल्लीचा तुकडा जोडील आणि जोडलेला नकाशा सर्वांना मोकळा राहील, अशी ही साधी कल्पना होती.

ही कल्पना त्याच सुमारास जमण्यामागे एक तांत्रिक कारण आहे. ते वर्गात अवश्य सांगावे असे आहे. जीपीएस या अमेरिकन उपग्रहयंत्रणेच्या नागरी संकेतांत पूर्वी मुद्दाम त्रुटी मिसळली जात असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होते. शंभर मीटरच्या चुकीने गल्लीचा नकाशा काढता येत नाही, कारण शेजारच्या दोन-तीन गल्ल्या त्या चुकीतच गडप होतात. मे २००० मध्ये अमेरिकेने ही मिसळ बंद केली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही पाचेक मीटरपर्यंत जागा सांगतो. सायकलवर यंत्र बांधून फिरणारा माणूस भूमापक होऊ शकला तो यामुळे.

नकाशाची रचनाही सोपी आहे. त्यात मूळ घटक तीनच: बिंदू, बिंदूंची माळ आणि अशा अनेक घटकांचा परस्परसंबंध. हातपंप हा बिंदू, रस्ता ही माळ आणि बसचा मार्ग हा संबंध. प्रत्येक घटकाला चिठ्ठ्या चिकटवायच्या: हा रस्ता आहे, कच्चा आहे, याचे नाव अमुक. कोणताही सदस्य कोणतीही चिठ्ठी बदलू शकतो. मात्र प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. कोणी, केव्हा आणि काय बदलले हे कोणालाही पाहता येते.

आपल्याकडील सरकारी नकाशांची परंपरा मोठी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. जुन्या पद्धतीच्या क्रमांकानुसार आमचे शहर ‘४७ एम/५’ या पत्रकावर येते. त्याचे प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे पन्नास मीटर. डोंगर, नद्या, मुख्य रस्ते आणि गावठाणे यांसाठी हे पत्रक उत्तम आहे. पण गुलमंडीच्या मागचा बोळ त्यात मावणार नाही. नव्या वसाहतीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव त्यात लवकर येणार नाही. स्वयंसेवकांच्या नकाशाची जागा नेमकी इथे आहे. सरकारी नकाशाशी त्याची स्पर्धा नाही. जिथे मोठी यंत्रणा पोचत नाही, तिथे त्याने पोचायचे असते.

गर्दीने सत्य सापडते का?

या उपक्रमाचे चाहते नेहमी एक दाखला देतात. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो १९०७ साली प्रसिद्ध केला. प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल याचा अंदाज लोकांनी चिठ्ठीवर लिहायचा होता. गाल्टनने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यांतील मधला अंदाज १,२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड भरले. एकेक माणूस चुकला, पण सर्वांचा मधला अंदाज एका टक्क्याच्या आत बरोबर आला. तसेच हजारो लोक मिळून नकाशा बरोबर काढतील, असा हा युक्तिवाद आहे.

यात एक अट दडलेली आहे. लोकांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. कोणी जास्त सांगेल, कोणी कमी, तेव्हाच त्या एकमेकींना खोडून काढतात. प्रयोगशाळेत आपण यांना यादृच्छिक त्रुटी म्हणतो. वारंवार मापन करून सरासरी घेतली की त्या कमी होतात. पण मोजपट्टीच अर्धा सेंटिमीटर झिजलेली असेल, तर शंभर वेळा मोजूनही ती चूक तशीच राहते. ही पद्धतशीर त्रुटी. ती सरासरीने जात नाही. तिच्यासाठी दुसरी मोजपट्टी लागते.

आता आमच्या स्पर्धेकडे पाहा. साठ विद्यार्थी एकाच उपग्रहचित्रावर रेघा ओढत होते. ते चित्र जमिनीवरील खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेले असेल, तर साठही जणांची घरे त्याच दिशेने तेवढीच सरकणार. चित्र दोन वर्षांपूर्वीचे असेल, तर साठही जण दोन वर्षांपूर्वीचे गाव काढणार. गोठा घरासारखा दिसत असेल, तर तो साठही जणांना घरासारखाच दिसणार. माणसे साठ होती, साक्षीदार एकच होता. गाल्टनच्या जत्रेतील सर्वांनी एकमेकांची चिठ्ठी पाहून आकडा लिहिला असता, तर जे झाले असते तेच इथे झाले.

आणखी एक गंमत आहे. हा नकाशा प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत साठवतो. सातवे स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर. पण मोबाइलची चूक पाच मीटर! म्हणजे शेवटच्या दोन अंकांना तरी काही अर्थ नाही. मापनातील सूक्ष्मता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठवी-नववीच्या मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या नकाशाच्या अचूकतेचा अभ्यासही झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मुकी हाकले यांनी ओपनस्ट्रीटमॅपची सरकारी नकाशाशी तुलना करून २०१० साली निष्कर्ष मांडले. लंडनमधील रस्त्यांच्या जागा सरासरी सहा मीटरच्या आत जुळत होत्या. बिनपगारी हौशी लोकांच्या कामाला ही शाबासकीच म्हणायची. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की गरीब वस्त्यांचे नकाशे श्रीमंत भागांच्या मानाने अपुरे होते. स्वयंसेवक जिथे राहतात आणि जिथे फिरायला जातात, तिथला नकाशा भरतो. जिथे त्यांचे जाणे नाही, तो भाग कोरा राहतो. कोरी जागा पाहणाऱ्याला वाटते, तिथे काही नसेलच.

हाकले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला: एखादा भाग नीट काढायला किती स्वयंसेवक लागतात? उत्तर विचार करण्याजोगे आहे. माणसे वाढली की जागांची अचूकता वाढते, पण ती सारख्या प्रमाणात वाढत नाही. पहिल्या पाच जणांमुळे पडणारा फरक सर्वांत मोठा. दर चौरस किलोमीटरला पंधरा लोकांच्या पुढे अचूकता फारच चांगली असते. म्हणजे एका वस्तीला हजार माणसे लागत नाहीत. पाच-पंधरा लागतात, पण ती तिथे पाय ठेवणारी असावी लागतात.

माणसे जमवणे आणि माणसे टिकवणे

२०१२ साली जर्मनीत पास्कल नाइस आणि अलेक्झांडर त्सिफ यांनी या नकाशाच्या सदस्यांचा हिशेब मांडला. तेव्हा सुमारे पाच लाख सदस्य होते. त्यांतील अवघ्या ३८ टक्क्यांनी निदान एक बदल केला होता आणि भरीव म्हणावे असे काम फक्त ५ टक्क्यांनी केले होते. आज नोंदवलेल्या सदस्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. तरी नाव नोंदवणे आणि काम करणे यांतील अंतर संपलेले नाही. ज्यांनी शाळेत विज्ञान मंडळ चालवले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पहिल्या सभेला वर्ग भरतो आणि दिवाळीनंतर चौघे उरतात. संघटनेचे सारे शास्त्र त्या चौघांचे काय करायचे यात आहे.

या चळवळीने आरंभी जी पद्धत स्वीकारली, ती मला आजही सर्वांत शहाणी वाटते. मे २००६ मध्ये सुमारे चाळीस जण इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर शनिवार-रविवारी जमले. बेटाचे भाग वाटून घेतले, दिवसभर यंत्रे घेऊन फिरले आणि संध्याकाळी एकत्र बसून नोंदी चढवल्या. जो रस्त्याने फिरला त्यानेच तो रस्ता काढला. शंका आली तर फिरलेला माणूस शेजारीच बसलेला होता.

पुढे मोठी आपत्ती आली आणि पद्धत बदलली. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामचलाऊ नकाशाही उपलब्ध नव्हता. उपग्रह कंपन्यांनी चित्रे खुली केली आणि जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून काही दिवसांतच शहराचे रस्ते काढले. मदतपथकांनी तो नकाशा प्रत्यक्ष वापरला. त्यातूनच आपत्तीच्या वेळी नकाशे करणारे वेगळे पथक उभे राहिले. त्याने काम वाटण्याची चांगली यंत्रणाही तयार केली. संगणकावर प्रदेशाचे चौकोन पाडायचे, एका चौकोनावर एका वेळी एकानेच काम करायचे आणि दुसऱ्या, अधिक अनुभवी माणसाने तो चौकोन तपासून मगच पुरा म्हणायचा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी होते तसेच हे. यात काहीही वावगे नाही.

गोंधळ होतो तो पुढे. आपत्तीच्या घाईत योग्य असलेली पद्धत आपण शांततेच्या काळातही तशीच उचलली. हैतीत दुसरा उपायच नव्हता. तिथे जाऊन विचारायला वेळ नव्हता आणि अपुरा नकाशाही काहीच नसण्यापेक्षा बरा होता. पण फुलंब्रीच्या वाटेवरची वस्ती आमच्यापासून अर्ध्या तासावर होती. तिथे भूकंप झालेला नव्हता. तरीही आम्ही तिला वातानुकूलित खोलीत बसून वरून पाहिले. जी गोष्ट विचारून कळली असती, ती आम्ही तर्काने भरली. तपासनीस नेमला नाही, कारण स्पर्धेत तपासणीला गुण नव्हते.

नेपाळचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरचे हजारो स्वयंसेवक तिथल्या नकाशावर तुटून पडले, हे वर्तमानपत्रांत आले. वर्तमानपत्रांत कमी आले ते आधीचे काम. २०१२-१३ पासूनच काठमांडू खोऱ्यात तरुणांचा एक गट शाळा आणि रुग्णालये नकाशावर नोंदत फिरत होता. त्यातून काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था उभी राहिली. भूकंप झाला तेव्हा बाहेरच्या हजारोंना नेमके काय काढायचे हे सांगणारे आणि मदतपथकांना काय हवे हे विचारणारे लोक गावातच होते. हजारो हात उपयोगी पडले, कारण चार पाय आधीपासून जमिनीवर होते.

काम स्वयंसेवकाचे, मालकी कोणाची?

स्वयंसेवक जमवणाऱ्याने आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे काम शेवटी कोणाचे होणार? याचा धडा आपल्या देशातच मिळाला आहे. २००८ साली गूगलने ‘मॅप मेकर’ नावाचे साधन आणले. ललितेश कात्रगड्डा यांच्यासारख्या भारतीय अभियंत्यांचा त्यात पुढाकार होता. भारतातील असंख्य लोकांनी आपापल्या गावांतील रस्ते, देवळे, दवाखाने आणि शाळा त्यात भरल्या. २०१३ साली कंपनीने भारतात ‘मॅपेथॉन’ ही बक्षिसांची स्पर्धा घेतली आणि सर्वेक्षण विभागाने तिच्याविरुद्ध तक्रार केली. २०१५ मध्ये एका खोडसाळ सदस्याने पाकिस्तानच्या नकाशात कंपनीचे बोधचिन्ह प्रतिस्पर्ध्याच्या बोधचिन्हावर लघवी करतानाचे चित्र काढले आणि ते कोणाच्या लक्षात न येता झळकले. कंपनीला काही काळ काम थांबवावे लागले. ३१ मार्च २०१७ ला मॅप मेकर बंदच झाले.

लोकांनी भरलेली माहिती कंपनीच्या नकाशात राहिली. तिचा उपयोग आपण सारे करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती मुक्त परवान्याखाली नव्हती. ज्या शिक्षकाने आपल्या तालुक्यातील शाळा एकेक करून भरल्या, त्याला तीच माहिती घेऊन शाळेसाठी स्वतःचा नकाशा छापण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा हक्क मिळाला नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे वेगळेपण इथे आहे. त्याचा परवाना सांगतो, की श्रेय द्या, वापरा, छापा, हवे तर विका. मात्र या माहितीत भर घालून ती प्रसिद्ध केलीत, तर तीही सर्वांना खुली ठेवा.

तरी इथेही भाबडे राहून चालणार नाही. ॲपल, मेटा, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या हा नकाशा वापरतात आणि पगारी माणसे नेमून त्यात भरही घालतात. अशी समूहाने होणारी कामे वाढली, तेव्हा प्रतिष्ठानाने २०१८ साली त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना केल्या. काम कोण करते आहे, कशासाठी, कुठल्या साधनांनी आणि चुका झाल्यास कोणाशी बोलायचे, हे आधी जाहीर करावे असा त्यांचा आशय आहे. माझ्या मते या सूचना कंपन्यांइतक्याच महाविद्यालयांनाही लागू व्हायला हव्यात. आमच्या स्पर्धेच्या दिवशी उघडलेल्या खात्यांपैकी कितींवर पुढे काही हालचाल झाली हे मी शोधले. एकावरही नाही. त्या वस्तीवरच्या कोणी ‘हा गोठा आहे’ असे कळवले असते, तर उत्तर द्यायला आमच्यातले कोणीच नव्हते.

नावांचा प्रश्न

जमिनीवर जे आहे ते लिहा, हा या समुदायाचा मूळ नियम. रस्ता आहे की नाही, विहिरीला पाणी आहे की नाही, हे जाऊन पाहता येते. नावाचे काय? आमचे शहर याचा उत्तम अभ्यास आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव बदलले, तर रेल्वे स्थानकाचे नाव बदलायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. मधल्या अडीच वर्षांत शहर एका नावाचे आणि स्थानक दुसऱ्या नावाचे होते. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही नावे होती. ज्या शहराने विद्यापीठाच्या नामांतराचा १९९४ पर्यंतचा लढा पाहिला आहे, त्याला नावामागे माणसांच्या भावना किती खोल असतात हे सांगायला नको.

नकाशाच्या रचनेत यावर एक तोडगा आहे. एकाच ठिकाणासाठी प्रचलित नाव, मराठी नाव, इंग्रजी नाव आणि जुने नाव असे वेगवेगळे रकाने आहेत. नवे नाव मुख्य रकान्यात गेले तरी जुने पुसावे लागत नाही. सिडकोतील ‘एन-१’, ‘एन-२’ ही कागदावरची नावे आणि लोकांच्या तोंडची नावे दोन्ही शेजारी नांदू शकतात. पण रकाना देऊन वाद मिटत नाही. कोणत्या रकान्यात काय जावे हे ठरवायला बोलावे लागते, आणि बोलायला त्या गावची माणसे लागतात. दूरच्या एखाद्याने रागाने नाव बदलावे आणि दुसऱ्याने रागाने ते परत फिरवावे, हे यंत्राला थांबवता येत नाही. शेजाऱ्यांना येते.

याच नियमाची दुसरी बाजू शिक्षकांनी नीट लक्षात ठेवावी. सीमावादाच्या प्रदेशात हा समुदाय प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे पाहून रेषा काढतो. भारतात सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा वर्गात किंवा वार्षिकांकात भारताचा नकाशा हवा असेल, तर तो सर्वेक्षण विभागाचाच घ्यावा. गावाच्या नकाशाला ही अडचण येत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय सूचनांनी नकाशे करण्यावरील जुनी परवान्यांची बंधनेही बरीच सैल केली आहेत. तरी छावणी आणि इतर संरक्षण क्षेत्रांच्या आतला तपशील विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेऊ नये, एवढे तारतम्य हवेच.

मग शाळेने काय करावे?

इतके दोष सांगितल्यावर हे काम सोडून द्यावे असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे तसे नाही. ते चांगले काम आहे, म्हणूनच ते नीट व्हावे असे वाटते. आणि नीट करण्याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९९० नंतरच्या वर्षांत, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर अर्थ सायन्स स्टडीजच्या साहाय्याने, पंचायतींचे संसाधन-नकाशे केले. कण्णूर जिल्ह्यातील कल्लियाशेरीचे काम त्यात विशेष गाजले. शास्त्रज्ञांनी भूरूपे आणि भूजल यांचे काम केले आणि गावच्या स्वयंसेवकांनी जमिनीचे नकाशे हातात घेऊन शेतोशेत फिरून जमिनीचा वापर आणि पाणी यांच्या नोंदी केल्या. तेव्हा मोबाइल नव्हता आणि घरोघरी संगणकही नव्हते. पण नकाशा कशासाठी हे ठरलेले होते: पंचायतीचे नियोजन करण्यासाठी. आणि चूक सापडली तर सांगायचे कोणाला, हेही ठाऊक होते.

शाळेसाठी मी पुढील क्रम सुचवीन. शाळेभोवतीचा एक चौरस किलोमीटर घ्यावा, त्याहून जास्त नको. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीला एक गल्ली किंवा वस्ती वर्षभरासाठी नेमून द्यावी. पहिल्या फेरीत कागद आणि पेन्सिलच न्यावी. घरे मोजण्याऐवजी प्रश्न ठरवावा: पाणी कुठे मिळते, रिक्षा कुठपर्यंत येते, रात्री दवाखाना कोणता उघडा असतो, चाकाच्या खुर्चीवरून शाळेत येता येईल का? उपग्रहचित्र त्यानंतर उघडावे आणि आपल्या कागदाशी ताडून पाहावे. जे जुळत नाही त्याची यादी करावी. माझ्या मते त्या यादीतच सगळे शिक्षण आहे. मग नोंदी चढवाव्यात. एका तुकडीचे काम दुसरीने जागेवर जाऊन तपासावे. दुसऱ्या कोणत्याही नकाशावरून नक्कल करू नये. प्रत्येक नोंदीमागे ‘मी पाहिले’ किंवा ‘मी विचारले’ एवढे तरी असावे. माणसांची नावे आणि घरांतल्या खासगी गोष्टी नोंदवू नयेत. सहा महिन्यांनी तीच फेरी पुन्हा करावी, कारण नकाशा जुना होतो. वर्ग पुढे गेला की मागच्या वर्गाकडे ती गल्ली रीतसर सोपवावी.

आमच्या शहरातल्या शिक्षकांना तर घरचा विषय आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधवलेली नहर अजूनही जमिनीखाली आहे. पाणचक्की पाहायला सगळे जातात, पण नहरीचे भुयार उपग्रहाला दिसत नाही. त्या भुयाराचे उच्छ्वास कोणाच्या परसात आहेत, कोणते बुजले आणि कोणते उघडे आहेत, हे त्या मोहल्ल्यांतील म्हाताऱ्या माणसांना माहीत असते. जगातला कुठलाही स्वयंसेवक ही नोंद घरी बसून करू शकणार नाही. ती शेजारच्या शाळेतली मुलेच करू शकतील.

आता त्या वस्तीचे. दोघे विद्यार्थी आणि मी तिथे आणखी तीन रविवार गेलो. गोठ्याला गोठा म्हटले, शेततळ्याला शेततळे, शाळेला शाळा. हातपंप नोंदवला. वस्तीचे नाव विचारले तेव्हा दोन नावे मिळाली. तिथल्या गुरुजींनी दोन्ही समजावून सांगितली आणि दोन्ही योग्य रकान्यांत गेली. एकूण नोंदी भरल्या अवघ्या चाळीस-पन्नास. स्पर्धेत या कामाला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले नसते. पण उद्या त्या वाटेने रुग्णवाहिका निघाली, तर तिला गोठ्यासमोर थांबावे लागणार नाही. आणि नोंदींत अजून चूक असेलच, तर ती कोणाला सांगायची हे आता गुरुजींना माहीत आहे.